इंडक्शनची काच कशाने चिकटलेली असते? घरातलं सिलिकोन आणि माझी चुकीची ट्यूब

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या जासईच्या घरातल्या इंडक्शनची काच एका कोपऱ्यातून सुटली. फुटली नव्हती, फक्त चिकटलेली जागा मोकळी झाली होती. कढई ठेवली की कोपरा 'टक्' करून हलायचा. आई म्हणाली, "एवढा इंजिनियर झालास, एवढं तरी कर." मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे हे घरच्यांच्या दृष्टीने तपशिलात जातं.

हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमच्या टाइल्सला लावतात ती पारदर्शक सिलिकॉनची ट्यूब आणली आणि काच चिकटवली. उघडलंच आहे तर म्हणून आत बोर्डवर हलणाऱ्या एका कपॅसिटरच्या बुडाशीही थोडं लावलं. घरभर व्हिनेगरसारखा आंबट वास पसरला. काच मात्र पक्की बसली आणि मी खूश झालो.

गणपतीत घरी पंधरा माणसं असताना त्याच इंडक्शनमधून 'फट्' असा आवाज आला आणि तो बंद पडला. आईचा हात तेव्हा कढईवरच होता. सुदैवाने काही झालं नाही. उरणच्या एका रिपेअरवाल्या काकांनी तो उघडला. कपॅसिटरच्या बुडाशी मी लावलेला थेंब जसाच्या तसा होता, पण त्याच्याखालचं तांबं हिरवट पडून खाल्लं गेलं होतं. काकांनी एकच प्रश्न विचारला, "लावताना व्हिनेगरचा वास आला होता का?"

तो वास म्हणजे काय, कारखान्यात नेमकं काय वापरतात आणि आपण घरी काय वापरावं, हे त्या प्रश्नानंतर मी नीट समजून घेतलं. तेच इथे सांगतोय.

आधी एक गोंधळ सोडवू: सिलिकॉन आणि सिलिकोन

मराठीत आपण दोन्हीला 'सिलिकॉन'च म्हणतो, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या फोनच्या प्रोसेसरमध्ये असतं ते सिलिकॉन, म्हणजे मूलद्रव्य. वाळूपासून मिळणारं, कडक आणि ठिसूळ. फोनचं मऊ कव्हर असतं सिलिकोनचं. हे माणसाने बनवलेलं रबरासारखं पॉलिमर आहे. या लेखात मी दोन्ही शब्द वेगळे वापरणार आहे.

साध्या प्लास्टिकचा कणा कार्बनला कार्बन जोडून बनतो. सिलिकोनचा कणा मात्र सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन-ऑक्सिजन अशा साखळीचा असतो, आणि त्या साखळीला बाजूने छोटे कार्बनी गट लटकलेले असतात. सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध तोडायला साधारण ४५० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, कार्बन-कार्बनचा तोडायला साधारण ३५०. म्हणून सिलिकोन उष्णतेला दाद देत नाही. शिवाय ही साखळी अतिशय लवचिक असते, त्यामुळे थंडीतही ती कडक होत नाही. चांगलं सिलिकोन उणे ५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत रबरासारखंच राहतं.

हे आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा संयुगांवर बरंच काम केलं. पण स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर बनवायची वाट १९४० मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोचो यांना सापडली. १९६९ मध्ये चंद्रावर उमटलेल्या बुटांचे तळवे सिलिकोन रबराचे होते. आज तेच रसायन आपल्या ओट्यावर आहे.

स्क्रू मारून का भागत नाही?

काच आणि बॉडी स्क्रूने का जोडत नाहीत? पहिलं कारण सोपं आहे. काचेला भोक पाडलं की तिथे ताण एकवटतो आणि काच तिथूनच तडकते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तापल्यावर प्रत्येक वस्तू वेगवेगळी फुगते. गॅसच्या शेगडीची ६० सेंटीमीटर लांबीची स्टीलची बॉडी ६० अंशांनी तापली, तर ती साधारण ०.६ मिलिमीटरने लांब होते. तिच्यावरची साधी काच तेवढ्याच तापमानात साधारण ०.३ मिलिमीटरने वाढते. इंडक्शनमध्ये हा फरक आणखी मोठा असतो. वरची ग्लास-सिरॅमिक जवळजवळ फुगतच नाही, पण खालची ३० सेंटीमीटरची प्लास्टिकची बॉडी ४० अंशांनी तापली तर जवळपास एक मिलिमीटर वाढू शकते. दिवसातून चार वेळा स्वयंपाक म्हणजे चार वेळा ही ओढाताण, आणि हे वर्षानुवर्षं.

आमच्या बाजूला अटल सेतू उतरतो. त्यावरून जाताना ठरावीक अंतराने चाकांखाली 'टक-टक' होतं, ते सांधे असतात. उन्हात पूल फुगतो, रात्री आकसतो, म्हणून अभियंत्यांनी मध्ये हलायला जागा ठेवलेली असते. काच आणि बॉडीमधला सिलिकोनचा पट्टा हेच काम करतो. तो दोघांना धरतो, पण घट्ट आवळत नाही.

आता फेविक्विक आणि एम-सील का चालत नाही ते लक्षात येईल. फेविक्विक पटकन पकडतं, पण सुकल्यावर ठिसूळ होतं आणि गरम जागी टिकत नाही. एम-सील दगडासारखं कडक होतं. दोघांनाही ताणता येत नाही. मग एक तर सांधा सुटतो, नाही तर काच तडकते.

शिवाय सिलिकोन पाणी आत येऊ देत नाही, वीज वाहू देत नाही आणि थरथर शोषून घेतं. चार कामं एकाच पट्ट्यात होतात, म्हणून कारखान्यांना ते परवडतं.

घरात कुठे कुठे असतं?

एकदा समजलं की सगळीकडे दिसायला लागतं.

- ग्लास-टॉप गॅस शेगडी आणि इंडक्शन: काच आणि बॉडी यांच्यामधला काळा किंवा पांढरा रबरी पट्टा.
- वाफेची इस्त्री: खालच्या तापणाऱ्या प्लेटवर वाफेच्या कप्प्याचं झाकण सिलिकोनने सील केलेलं असतं. जुन्या इस्त्रीतून कडेने पाणी गळतं तेव्हा बऱ्याचदा हाच सील गेलेला असतो.
- ओव्हन: दाराची काच चिकटवायला.
- काचेच्या दाराचा फ्रिज: रंगीत काच दाराला सिलिकोनने किंवा दुहेरी टेपने लावलेली असते.
- एलईडी बल्ब: वरचा दुधी घुमट आणि खालची बॉडी यांच्यामधला सांधा.
- चार्जर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स: आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी पांढरा रबरी गोळा दिसतो. वस्तू पडली किंवा वाहतुकीत हादरली तर जड पार्टचे पाय तुटू नयेत म्हणून तो लावतात.

शेवटच्या प्रकारात एक नमुना ओळखून ठेवा. जुन्या उपकरणांत पांढऱ्याऐवजी पिवळसर-तपकिरी, कडक झालेला गोंद दिसतो. तो सिलिकोन नसतो, बहुतेक वेळा जुना रबरी गोंद असतो. तापून तापून तो काळपट पडतो, थोडी वीज वाहू लागतो आणि शेजारचे पाय खातो. रिपेअरवाले तो आधी खरवडून काढतात.

आणि तुमचा फोन? त्याची स्क्रीन बहुतेक वेळा सिलिकोनने चिकटवलेली नसते. तिथे पातळ टेप किंवा वेगळा गोंद असतो. दुरुस्तीवाला फोन गरम करतो तेव्हा तो मऊ पडतो आणि स्क्रीन निघते. सिलिकोन असं गरम करून मऊ होत नाही.

ट्यूबमधून बाहेर आल्यावर काय होतं?

मी चुकलो ते इथे. आपल्याला वाटतं की सिलिकोन 'सुकतं', म्हणजे त्यातलं काहीतरी उडून जातं आणि ते घट्ट होतं. खरं तर ते हवेतला ओलावा *घेतं*. ट्यूबमधल्या साखळ्यांच्या टोकांना एक छोटा गट अडकवलेला असतो, झाकणासारखा. हवेतलं पाणी येऊन ते झाकण काढतं, टोकं मोकळी होतात आणि एकमेकांत गुंततात. त्यातून जाळं तयार होतं, म्हणजेच रबर.

निघालेलं झाकण वाफ होऊन बाहेर पडतं. तुम्हाला येणारा वास त्याचाच असतो. झाकण कोणतं आहे त्यावरून ट्यूबचा प्रकार ठरतो.

१. अ‍ॅसिटॉक्सी: बाहेर पडतं अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच. स्वस्त, काचेला आणि टाइल्सला उत्तम पकडणारं. पण तांबं, पितळ आणि साध्या लोखंडाचं शत्रू.

२. ऑक्झाइम: याला 'न्यूट्रल' म्हणतात, कारण आम्ल निघत नाही. वास वेगळा, जरा रंगासारखा. पण बाहेर पडणारं रसायन श्वासात जाऊ नये असं आहे (युरोपात त्याची गणना कर्करोगकारकांत होते) आणि तेही तांब्याला व काही प्लास्टिकला त्रास देऊ शकतं.

३. अल्कॉक्सी: हेही न्यूट्रल. यातून थोडंसं अल्कोहोल बाहेर पडतं, धातूला त्रास नाही. इलेक्ट्रॉनिक्ससाठी हेच हवं.

मी बाथरूमची अ‍ॅसिटॉक्सी ट्यूब थेट सर्किट बोर्डवर लावली होती. थेंब घट्ट होत असताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल निघालं आणि ते तांब्याच्या पातळ रेषांवर अडकून बसलं. त्यात जासईची खारी, दमट हवा. सिलिकोन पाण्याचा थेंब अडवतं, पण पाण्याची वाफ त्यातून सहज आरपार जाते, हे मला माहीतच नव्हतं. आम्ल, मीठ, ओलावा आणि वीज एकत्र आल्यावर तांबं किती दिवस टिकणार?

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मी टेस्ट न करता प्रॉडक्शनवर कोड टाकला, आणि बग दोन महिन्यांनी वर आला.

जाडी वाढली की घोटाळा

ओलावा बाहेरून येतो, म्हणून सिलिकोन बाहेरून आत घट्ट होतं. वर पापडी यायला १० ते ३० मिनिटं लागतात. पण त्यानंतर साधारण २४ तासांत २ ते ३ मिलिमीटरच आत जातं. पावसाळ्यात थोडं लवकर, कोरड्या हवेत उशिरा.

आता काच आणि प्लास्टिक यांच्यामध्ये दोन सेंटीमीटर रुंद पट्टा दाबला तर काय होईल? वरून काच, खालून प्लास्टिक, ओलावा फक्त कडेने येणार. मधला भाग आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ ओला राहू शकतो. बाहेरून हात लावला तर पक्कं वाटतं, आत मलम असतं. म्हणून 'दोन तासांत वापरा' हा सल्ला पापडीपुरताच खरा आहे.

मग कारखान्यात कसं जमतं?

पुण्याजवळच्या रांजणगावला एलजी, हायर आणि व्हर्लपूल यांचे कारखाने आहेत. अशा मोठ्या असेंब्ली लाइनवर काही सेकंदांनी एक उपकरण पुढे सरकतं. तिथे काच चिकटवून दोन दिवस वाट बघणं शक्य नसतं. या अडचणीवर उद्योगात साधारण तीन उपाय वापरले जातात.

पहिला, ओलाव्यावर चालणारंच सिलिकोन, पण पटकन पकडणारं. तोवर काच जागेवर राहावी म्हणून क्लिप किंवा टेपचा आधार देतात.

दुसरा, दोन भागांचं सिलिकोन. दोन डबे, नळीत शेवटच्या क्षणी मिसळायचे. हवेतल्या ओलाव्याची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे जाड थरही आतून-बाहेरून एकाच वेळी घट्ट होतो.

तिसरा, प्लॅटिनमवाला प्रकार. यात अगदी थोडं प्लॅटिनम उत्प्रेरक म्हणून असतं. १०० ते १५० अंशांच्या भट्टीत काही मिनिटांत काम होतं आणि बाहेर काहीच पडत नाही, ना आम्ल ना अल्कोहोल. पण त्याचे नखरे आहेत. गंधक, अमाईन किंवा काही कथिलयुक्त रसायनं जवळ आली की प्लॅटिनम निकामी होतं आणि सिलिकोन चिकटच राहतं. साधे लॅटेक्सचे हातमोजे घातले तरी गडबड होऊ शकते, कारण त्यात गंधक असतं.

लावायचं काम बहुतेक ठिकाणी यंत्र करतं. सुई ठरलेल्या वाटेने फिरते आणि सारख्या जाडीचा पट्टा सोडते. जाडी कमी पडली तर सांधा ताण घेत नाही, जास्त झाली तर पैसे वाया जातात आणि कडेने बाहेर येतं. आधी पृष्ठभाग स्वच्छ करतात, गरज पडली तर प्राइमर लावतात. काही प्लास्टिकवर, उदाहरणार्थ पॉलिप्रॉपिलीनवर, सिलिकोन तसं धरतच नाही.

रिलेचा छुपा शत्रू

ही गोष्ट कळल्यावर मी थक्क झालो. सिलिकोनमध्ये काही छोटे, न जोडले गेलेले रेणू उरतात. ते हळूहळू हवेत उडतात. इंडक्शन, वॉशिंग मशीन किंवा स्टॅबिलायझरमध्ये 'टिक्' वाजणारा रिले असतो. त्याच्या टोकांवर ठिणगी पडते तेव्हा हे रेणू तिथे जळतात आणि त्यांची सिलिका होते, म्हणजे जवळजवळ वाळूच. वाळू वीज वाहत नाही. थर वाढत गेला की रिले 'टिक्' वाजतो, पण करंट पुढे जात नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या चांगल्या सिलिकोनमध्ये हे उडणारे रेणू आधीच कमी केलेले असतात. बाथरूमच्या ट्यूबमध्ये कोण कशाला काढेल?

घरी करायचंच असेल तर

आधी काय करू नका ते सांगतो.

- काच तडकली असेल तर चिकटवू नका. इंडक्शनच्या आत सरळ केलेला मेन्सचा व्होल्टेज असतो, २३० व्होल्टचा शिखर आकडा ३२५ च्या आसपास. फटीतून सांडलेलं दूध तिथे पोचलं तर शॉक किंवा आग. तडकलेली काच बदलायचीच.
- गॅसच्या नळीवर, नॉबवर, व्हॉल्व्हवर सिलिकोन कधीच नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, लाइटचं बटण चालू-बंद करू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.
- मिक्सरचं भांडं किंवा खाण्याला लागणारी कुठलीही जागा बाथरूमच्या सिलिकोनने जोडू नका. त्यात बहुतेक वेळा बुरशीनाशक असतं.
- वॉरंटी चालू असेल तर उघडूच नका.

फक्त सुटलेली, न तडकलेली काच असेल तर असं करा.

१. प्लग काढा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून थांबा आणि बोर्डला हात लावू नका.

२. जुनं सिलिकोन ब्लेडने पूर्ण काढा. नवं सिलिकोन जुन्यावर नीट धरत नाही. ते विरघळवणारं घरगुती औषध नाही, खरवडणं हाच उपाय.

३. दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरड्या होऊ द्या. स्वयंपाकघरातली वस्तू म्हणजे तेलाचा थर असणारच.

४. ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' किंवा 'अल्कॉक्सी' आणि तापमानाची मर्यादा वाचा. नाव छापलेलं नसेल तर थोडं काढून वास घ्या. व्हिनेगर आलं तर ती टाइल्ससाठी ठेवा.

५. अरुंद पट्टा लावा, काच ठेवा, पण सगळं बाहेर येईल इतकं दाबू नका. मध्ये एक-दोन मिलिमीटर जाडी राहिली पाहिजे, तीच ताण घेणार आहे.

६. खिडकी उघडी ठेवा आणि किमान तीन दिवस वापरू नका.

बोर्डवरचे पार्ट मात्र रिपेअरवाल्यालाच करू द्या.

चिकटवलं म्हणजे दुरुस्ती संपली?

हा प्रश्न मला सर्वात जास्त सतावतो. स्क्रू उघडता येतो, सिलिकोन कापावं लागतं. मग कंपन्या मुद्दाम चिकटवतात का? नेहमी नाही. काचेच्या बाबतीत तांत्रिक कारण खरं आहे, ते वर पाहिलंच. पण जिथे स्क्रू चालला असता तिथेही गोंद वापरला जातो, कारण तो स्वस्त आणि पटकन होतो. फरक ओळखायला एक साधा प्रश्न विचारा: हा सांधा तापतो का, हलतो का, त्याला पाणी अडवायचंय का? तिन्हीला उत्तर 'नाही' असेल तर गोंद कंपनीच्या सोयीसाठी आहे, तुमच्या नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एका जागी द्यावी हा त्याचा उद्देश. पुढची वस्तू घेताना स्टार रेटिंगबरोबर तेही एकदा बघा. काच किंवा बोर्ड वेगळा मिळतो का, हा प्रश्न दुकानात विचारायला लाजू नका.

आमच्या इंडक्शनला काकांनी दुसरा बोर्ड बसवला आणि काच पुन्हा चिकटवली. तीन दिवस आईने त्याला हात लावू दिला नाही, मलाही नाही. जुना बोर्ड मी टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवलाय. त्यावरचा पारदर्शक थेंब अजून घट्ट आहे, आणि त्याच्याखाली तांबं हिरवं आहे. ट्यूबवरची बारीक अक्षरं मी आता दुकानात उभा राहूनच वाचतो.